दादाच्या कातरीचं पोलाद

माझा थोरला भाऊ मेंढरं कातरायला बसला की शेजारची माणसं आपली कातर खाली ठेवून बघत राहायची. वडूजच्या पूर्वेला, आमच्या माळावरच्या वाडीत, त्याच्या हाताचं नाव होतं. मेंढराचे पाय बांधून तो त्याला आडवं करायचा, गुडघ्यानं अलगद दाबायचा आणि पोटापासून पाठीकडं कातर अशी न्यायचा, की सगळी लोकर एकसंध, घोंगडीसारखी उलगडत खाली यायची. कातडीला ओरखडा नसायचा. सुटलेलं मेंढरू अंग झाडून उड्या मारत कळपात पळायचं.

मी त्या घरातली धाकटी. गणित बरं होतं म्हणून शाळेतल्या बाईंनी आग्रह धरला, दादानं वडिलांना समजावलं, आणि मी सांगलीला धातुशास्त्राच्या डिप्लोमाला गेले. पुढं कुपवाडला एका लहान कारखान्यात लागले. दुसऱ्या कारखान्यांतून आलेले पोलादाचे भाग, ट्रॅक्टरच्या पिना, दांडे, गिअर, आम्ही भट्टीत तापवतो आणि तेलात किंवा पाण्यात बुडवून कठीण करून परत देतो. भाग दिसायला होता तसाच राहतो. आतलं पोलाद बदललेलं असतं. ते खरोखर बदललंय का, हे तपासायचं माझं काम. घरच्यांना मी सांगायचे, "लोहार विळ्याला पाणी देतो ना, तेच. फक्त मोठ्या भट्टीत."

"म्हंजी एवढं शिकून लोहारच झालीस की गं," दादा म्हणायचा आणि वर सगळ्या पाहुण्यांना तेच कौतुकानं सांगत फिरायचा.

त्या वर्षी पावसाळा सरताना मी रजा काढून कातरणीला गेले. ओढ्याला धुवून आणलेली मेंढरं उन्हात वाळत उभी होती. भावकीतले सगळे जमले होते. कातरींवर भंडारा टाकून झाला, नारळ फुटला आणि कामाला सुरुवात झाली. मी वहिनीबरोबर चुलीपाशी होते. थोड्या वेळानं ती भाकरी थापायची थांबली आणि हळूच म्हणाली, "तिकडं बगा की."

दादापुढचं मेंढरू जोरजोरानं ओरडत होतं. त्याच्या कुशीतून रक्त येत होतं. लोकर एकसंध न येता तुटक तुटक गोळ्यांनी निघत होती. दादानं दात ओठ खाऊन आणखी जोर लावला, मेंढरानं पाय झाडले आणि कातर पुन्हा कातडीत शिरली. दादानं हात थांबवले. जखमेला हळद लावली, मेंढराचे पाय सोडले, कातर तिथंच मातीत ठेवली आणि तो बाभळीखाली जाऊन बसला. मनगट दुसऱ्या हातानं चोळत होता.

थोरले चुलते त्याच्याकडं बघत म्हणाले, "हात गेला रं तुजा. व्हतंय गड्या, समद्यांचं व्हतंय."

दादानं मान खाली घातली. त्याला उलट उत्तर न देताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याजवळ गेले. तो म्हणाला, "दोन साल झालं, असंच हुतंय. रातीला मनगाट ठणकतंय. दिवाळी झाली की मेंढरं कमी करावी म्हणतोय. कातरायलाच येईना तर संभाळायची कशापायी?"

मी मातीतली कातर उचलली. ती बाजारातून आणलेली नवी होती. वडिलांच्या वेळची कातर झिजून झिजून पाती सुरीएवढी झाली होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी दादानं ती बदलली होती. मी पात्याच्या कडेवरून नख फिरवलं. धार एका बाजूला वळली होती, पत्र्याची कड वळावी तशी.

"दादा, दोन साल म्हणजे ही कातर आणल्यापासूनच ना?"

"व्हय. का गं?"

"मग हात न्हाई गेला तुझा. कातरीत पोलादच न्हाई."

"आगं, कातर ती कातर. तिला काय हुतंय?"

"मी घेऊन जाते ही."

"ने," तो म्हणाला. "आता मला काय करायची हाय?"

पुढच्या कामाच्या दिवशी मी ती कातर पिशवीतून कुपवाडला नेली आणि मालकांच्या टेबलावर ठेवली. आमचे मालक सांगलीचे, साठीचे, आयुष्य भट्ट्यांपुढं गेलेलं. सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"हे काय आणलंस?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पात्यावर कानस ओढली. कानस लोण्यात जावी तशी गेली.

"काप तुकडा," ते म्हणाले. "बघू आत काय आहे."

पोलादाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा तर आधी तो आरशासारखा घासावा लागतो. मग त्यावर सौम्य आम्ल फिरवायचं. आम्ल काही भाग जास्त खातं, काही कमी, आणि आतली वीण दिसू लागते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा तिथल्या बाईंना विचारलं होतं, की हे खरंच लोखंड आहे का. कार्बन असलेलं पोलाद लालभडक तापवलं की कार्बन त्याच्यात विरघळतो. सावकाश निवू दिलं तर तो वेगळा होऊन पट्ट्यापट्ट्यांनी बसतो, एक थर मऊ लोखंडाचा, एक कठीण. ते पोलाद मऊ असतं, वाकतं. तेच एकदम गार केलं तर कार्बनला वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. तो आत अडकून राहतो, सुयांसारखी वीण तयार होते आणि पोलाद काच कापेल इतकं कठीण होतं. काचेसारखंच फुटतंही. म्हणून ते पुन्हा थोडं तापवायचं, म्हणजे कठीणपणा थोडासा सुटतो आणि चिवटपणा येतो.

बाजारच्या कातरीत एकही सुई नव्हती. भरपूर मऊ लोखंड आणि मधूनमधून पट्ट्या. कार्बनही फारसा नव्हता. कुणीतरी साध्या लोखंडाची पट्टी कातरीच्या आकारात कापून, चकचकीत करून विकली होती.

"ह्याला पाणी दिलेलंच नाही," काका म्हणाले. "आणि दिलं असतं तरी काही उपयोग झाला नसता. तुझा भाऊ दोन वर्षं ह्यानं मेंढ्या कातरतोय? धन्य आहे."

मी म्हणाले, "काका, मी करू का एक कातर? सुटीच्या दिवशी?"

"भट्टी तशीही गरम ठेवावीच लागते. कर. मोडलीस तर कचऱ्यात टाक, पण का मोडली ते मला सांग."

भरपूर कार्बनची पोलादी पट्टी आमच्याकडं होती. शेजारच्या वर्कशॉपमधून मी वडिलांच्या कातरीवर बेतलेली पाती कापून घेतली, कडेला धार काढून घेतली. पहिलं पातं लाल करून पाण्यात सोडलं. टणकन आवाज आला. बाहेर काढलं तर कडेपासून मध्यापर्यंत केसासारखी भेग. पाणी फार वेगानं उष्णता ओढतं, पातळ पात्याला ते झेपलं नाही. दुसरं पातं तेलात सोडलं, पण आडवं. एक बाजू आधी गार झाली आणि पातं विळ्यासारखं वाकलं. तिसरं चिमट्यात उभं धरून सरळ खाली नेलं. तेलातून धूर आला, भडका उडाला आणि विझला. पातं बाहेर आलं ते काळं, पण सरळ. वरची खपली घासून काढल्यावर कानस त्यावरून नुसती घसरली. मी आनंदानं ते पकडीत धरून वाकवायला गेले आणि त्याचे दोन तुकडे झाले.

काका दारातून बघत होते. "घाई," एवढंच म्हणाले.

ते पातं मी दुसऱ्यांदा तापवलंच नव्हतं. पुढची जोडी तेलातून काढली आणि लहान भट्टीत मंद आचेवर बराच वेळ ठेवली. घासलेल्या जागेवर पिकल्या गव्हासारखा पिवळा रंग चढला, तशी बाहेर काढली. कठीणपणा मोजायच्या मशीनला हिऱ्याचं टोक असतं, ते पोलादात किती रुततं त्यावरून आकडा येतो. मी नेहमीप्रमाणं वरची काळी खपली घासून काढली आणि पातं मशीनखाली धरलं. आकडा मला हवा होता तोच आला. मी एकटीच हसत उभी राहिले.

दादा तेव्हा कळप घेऊन तासगावच्या अलीकडं, ऊस तुटून गेलेल्या रानात उतरला होता. पाती मधे खिळीनं जोडून मी स्कूटरवरून थेट त्याच्या पालापाशी गेले. त्यानं कातर हातात घेऊन तोलून बघितली. "वजन बराबर हाय," म्हणाला. एक मेंढरू ओढलं. पहिले दोन हात बरे गेले. तिसऱ्याला लोकर पात्यांमध्ये दुमडली. चौथ्याला दादानं कातर थांबवली.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं कातर माझ्या हातात परत दिली आणि मऊ आवाजात म्हणाला, "मऊ हाय गं बाय."

"मऊ कशी असेल? मशीननं सांगितलंय!"

"मशीननं सांगितलं असंल. मेंढरू न्हाई म्हणतंय."

वहिनीनं चहा दिला. तो तसाच ठेवून मी निघाले. सांगलीपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात मी मनातल्या मनात एकेक पायरी तपासत होते. पोलाद बरोबर. आच बरोबर. तेल बरोबर. आकडा बरोबर. मग कातर मऊ का? डोळ्यांत पाणी येत होतं आणि समोरून ट्रॅक्टर येत होते, म्हणून रडताही येईना.

दुसऱ्या दिवशी कामाचा पहिला भार भट्टीत लागल्यावर मी ती कातर कापली. या वेळी मधला तुकडा न घेता धारेचाच घेतला, आडवा छेद, म्हणजे धारेचं टोक समोरून दिसेल असा. घासला, आम्ल लावलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मध्यभागी सुयांची वीण उत्तम होती. मी तुकडा हळूहळू कडेकडं सरकवला. कडेला एक पांढरी किनार आली, लुगड्याच्या काठासारखी. पुढं धार निमुळती होत गेली तशा दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या किनारी जवळ जवळ आल्या आणि अगदी टोकाशी एकमेकींना मिळाल्या. धारेच्या टोकावर फक्त पांढरं होतं. एकही सुई नाही.

"काका!" मी ओरडले. आमच्याकडं कुणी ओरडत नाही; भट्टीवरचे दोघं घाबरून धावत आले. काकाही आले, खाली वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"कार्बन जळलाय," ते म्हणाले. "भट्टीतल्या हवेनं वरच्या थरातला कार्बन खाल्ला. सालीत नुसतं लोखंड उरलं."

"आणि आकडा घेताना मी ती साल घासून काढली. म्हणून मशीनला दिसली नाही."

"धार कधी काढली होतीस? पाणी द्यायच्या आधी?"

"आधी. वर्कशॉपमधूनच काढून आणली होती."

काका एकदम मोठ्यानं हसले. "म्हणजे सगळं कठीण पोलाद आत सुरक्षित ठेवलंस, आणि कापायला साल पुढं केलीस!"

त्यांनी बाही वर केली. त्या दिवसापासून ते काम माझं एकटीचं राहिलं नाही. पाती जाड कडेची ठेवायची, धार अजिबात काढायची नाही, असं ठरलं. पत्र्याच्या पेटीत कोळशाची भुकटी भरून पाती तिच्यात गाडायची, म्हणजे भट्टीतली हवा पोचणार नाही, ही कल्पना काकांची. पाणी देऊन, पिवळ्या रंगापर्यंत पुन्हा तापवून झाल्यावरच धार लावायची, आणि तीही ओल्या दगडावर, सावकाश, कारण कोरडी घासली तर घर्षणानंच पातं तापून पुन्हा मऊ पडतं. ते घासकाम मी कुणाला दिलं नाही. साल जाईपर्यंत घासलं, आणि साल गेल्यावरही थोडं घासलं.

पुन्हा छेद घेतला. सुया थेट धारेच्या टोकापर्यंत गेल्या होत्या. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि भट्टीवरच्या दोघांनाही बोलावून ते दाखवलं.

पुढच्या कातरणीला मी दोन कातरी घेऊन वाडीवर गेले. दादाला आधी करून बघ म्हणाले. तो म्हणाला, "आता काय बगायचं, उद्या समद्यांच्या म्होरंच बगू." मला रात्रभर झोप नाही.

सकाळी कातरींवर भंडारा टाकून झाला. दादानं माझी कातर घेतली, एक थोराड मेंढी पुढ्यात घेतली आणि पोटावर पहिला हात घातला. मला सगळ्यात आधी आवाज कळला. जुनी कातर खरडल्यासारखी करकर करायची. ही नुसती सर्र, सर्र जात होती, हिरवा चारा कापल्यासारखी. लोकर वर उचलली गेली, उलगडली आणि कुशीवरून खाली लोळली. दादानं मेंढी पलटली. दुसरी बाजू. मान. शेपटीकडचा भाग. सगळी लोकर एका तुकड्यात जमिनीवर पडली आणि आतून गुलाबी, कोरी मेंढी उठून पळाली. तिच्या अंगावर एक थेंब रक्त नव्हतं.

दादानं पात्यावर अंगठा फिरवला. माझ्याकडं बघितलं नाही. "दुसरं आन," एवढंच म्हणाला.

ऊन चढलं तरी तो उठला नाही. दुसऱ्यांच्या कातरी दगडावर घासायला थांबत होत्या, त्याची चालूच होती. थोरले चुलते आपला मेंढा घेऊन आले. तो मेंढा कुणाला हात लावू द्यायचा नाही. "ह्यो कातर बगू," चुलते म्हणाले. सगळे गोळा झाले. मेंढ्याच्या मानेवरची लोकर गुंतून दोरखंडासारखी झाली होती. दादानं कातरीचं टोक त्यात घातलं आणि मूठ मिटली. दोरखंड दोन भाग होऊन बाजूला पडला. कुणीतरी शिट्टी घातली.

"कुठनं आनलीस रं ही कातर?" चुलत्यांनी विचारलं.

"आनली न्हाई. बहिणीनं केलीया."

"केलीया म्हंजी?"

"म्हंजी तिनं सोता केलीया. भट्टीत. कुपवाडला." दादा पहिल्यांदा उभा राहिला. "आनि आवं तात्या, माजा हात गेला म्हनाला हुता न्हवं? ह्यो बगा हात." त्यानं उजवा हात कातरीसकट वर केला. मनगट ताठ, सरळ. माणसं हसायला लागली, तात्याही हसले. मला समोरचं काही दिसेना झालं, मी पदरानं डोळे पुसले.

मग दादानं कातर माझ्यापुढं धरली. "हिकडं ये. तू बी कातर."

आमच्यात बायका लोकरीचं सूत कातायच्या, कातर हातात घ्यायच्या नाहीत. मी वहिनीकडं बघितलं. ती म्हणाली, "बगताय काय? घ्या की!" दादानं एक गरीब मेंढी धरून दिली. मी कातरायला बसले. माझं पोलाद चांगलं होतं, माझा हात नव्हता. मेंढीच्या अंगावर पायऱ्या पडल्या, लोकरीचे तुकडे उडाले, पोरं हसून हसून लोळली. पण तिला कुठं लागलं नाही. ती सुटून कळपात गेली तेव्हा बाकीच्या मेंढ्या तिच्याकडं वळून बघत होत्या. दुपारी रस्सा वाढताना तात्यांनी पहिली पळी माझ्या ताटात घातली.

संध्याकाळपर्यंत माझी दुसरी कातर कुणीतरी ढापली होती. ती आजतागायत सापडलेली नाही. चोराचं मी भलंच चिंतते.

आता दर कातरणीच्या आधी आमच्या भट्टीत कातरींची पेटी लागते. आटपाडीकडून, जतकडून माणसं येतात. सीमेपलीकडचे एक म्हातारे मेंढपाळ आले होते, त्यांचं कानडी मला कळेना, माझं मराठी त्यांना. त्यांनी आपली डोक्याची घोंगडी काढली, नव्या कातरीनं तिची दशी टच्चकन कापली आणि दोन्ही हात जोडले.

गेल्या वेळी दादा पहिल्यांदाच कारखान्यात आला. दुपारची वेळ होती. काकांनी त्याला खुर्ची दिली, पण तो बसला नाही. भट्टीचं दार उघडलं, पेटीतून लाल पाती एकेक निघाली, तेलात गेली, भडके उठले. दादा मागं सरला नाही. पाती निवल्यावर मी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं आणि एक डोळा मिटायला सांगितलं. तो बराच वेळ वाकून राहिला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"कायतरी पेरल्यावानी दिसतंय. दाट." त्यानं डोळा न काढताच सांगितलं. "मला ह्यातलं काय बी कळंना. पर लय ब्येस हाय."

मग त्यानं धार लावलेल्या कातरींची पिशवी उचलली, काकांना रामराम केला आणि माझ्या स्कूटरवर मागं बसून मला म्हणाला, "चल, सोड यष्टीला. मेंढरं वाट बघत्यात."